सीतेच्या वेणीचा चोर

"फूल कुनीबी दाखवतं. मूळ दाखवा." कुठल्याही रोपवाटिकेत शिरल्यावर काकांचं पहिलं वाक्य हेच. मग विचारणं नाही, सवरणं नाही. कुंडी उलटी करून रोप सरळ तळहातावर काढायचे. रोपवाटिकेवाले वैतागायचे.

नगरमध्ये बागप्रेमींचं एक मंडळ आहे. तुमच्याही गावात असेल. गुलाबांचं प्रदर्शन, कलमं बांधण्याचा वर्ग आणि पावसाळ्यात भंडारदऱ्याची सहल. मी तिथं पत्रकं वाटायला जायचे: 'रानातली झाडं रानातच राहू द्या!' लोक पत्रक हसून घेत आणि घरी जाऊन कुंडीखाली अंथरत.

मंडळात बंगला नसलेले हे काका एकटेच. त्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या बागांत माळीकाम करण्यात गेलेलं. कलमांच्या वर्गात ते पाहुण्या तज्ज्ञालाच सांगत, "सायेब, चाकूची धार मोडलीय. साल फाटंल."

माझा संशय त्यांच्या पिशवीवर होता. सहलीच्या बसमध्ये सगळ्यांचं सामान वरच्या फळीवर, यांची निळी पिशवी मांडीवर, तीही ओलसर. बस चहाला थांबली की कुणीतरी त्यांच्या कानाशी लागायचं. भंडारदऱ्याला पोचलं की काका तासभर गायब, आणि आले की नखांत शेवाळ. तिथल्या जांभळींवरची सीतेची वेणी दरवर्षी कमी होत चाललेली मी पाहत होते. झाडाच्या खोडावर वाढणारं, गुलाबी तुऱ्यांचं हे ऑर्किड. कोण ओरबाडतं, हे मला वेगळं सांगायला नको होतं. पिशवी जाताना फुगलेली आणि येताना रिकामी असते, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

एका सहलीत मी त्यांच्या मागावर गेले आणि ते जांभळीखाली बसताच सगळ्यांना हाका मारून गोळा केलं.

"काका, पिशवी उघडा."

"कशापायी, ताई?"

"उघडा. सगळ्यांसमोर."

त्यांनी उघडली. आत ओल्या फडक्यात सीतेच्या वेणीची सात-आठ रोपं.

"बघा!" मी ओरडले.

"अरेरे, या वयात!" मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. बाकीच्यांनी च्यक् च्यक् केलं आणि सगळे भज्यांच्या गाडीकडे वळले. जरा घाईनंच.

मी पुरावा म्हणून एक रोप उचललं. पानं पिवळी, मुळं वाळून काळी, आणि मुळांत कोळशाचे तुकडे अडकलेले. ऑर्किडच्या कुंडीत भरतात, तो कोळसा. रानातल्या रोपाला कोळसा कुठून?

"काका, ही कुंडीतली आहेत."

"इथलीच हायेत. हौसेनं घरी न्हेली. नगरच्या उन्हात तगत न्हाईत. मरायला टेकली की मला देत्यात, गुपचूप. मी परत बांधतो. समदी न्हाई जगत."

"कोण देतं?"

त्यांनी भज्यांच्या गाडीकडं पाहिलं. "आत्ता च्यक् च्यक् कुनी केलं?"

माझं डोकं फिरलं. "नावं सांगा. एकेकाचं छापते!"

"छापू नका. एकाचं नाव आलं की बाकीचे रोप कचऱ्यात टाकतील. माझ्याकडं देनार न्हाईत."

"पण ते तुम्हाला चोर म्हणणार!"

"म्हनू द्या. ही सुतळी धरा. लई आवळू नका."

नावं त्यांनी रोपं बांधता बांधता सांगितली, आपल्यामागं कुणाला तरी ठाऊक असावीत तशी. अध्यक्षांचं पहिलं. बंगलेवाल्यांवर पत्रकं काढणारी मी. पण झडती घेतली ती माळ्याची. याचं पत्रक मी अजून काढलेलं नाही.

काका यंदा उन्हाळ्यात गेले. मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी दोन मिनिटं उभं राहायला लावलं आणि बसता बसता म्हणाले, "हात जरा लांब होता, पण माणूस हौशी." दोघं-तिघं हसले.

मी उठले. सगळी नावं मला पाठ होती.

"बोला ना, ताई," अध्यक्ष म्हणाले.

त्यांच्या गच्चीवर अजून दोन रोपं होती. तेही काकांनीच मला सांगून ठेवलं होतं.

"यंदा भंडारदऱ्याला पिशवी मी नेणार आहे," मी म्हणाले. "कुणाला काही पाठवायचं असेल, तर माझ्याकडं द्या."

अध्यक्ष चष्मा पुसू लागले.