आबांनी सुनेला न सांगितलेलं दुखणं

मंडळी, तळेगावच्या हॉस्पिटलमधून लिहितेय.

भाजे गावात राहणारे माझे सासरे, आबा, आज सकाळी अंगणात चक्कर येऊन पडले. चेहरा पांढराफटक, अंग घामानं ओलं. इथं आणल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "संडासला काळं होतंय का?"

आबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी बाहेर जायला वळले, तेव्हा ते डॉक्टरांपाशी पुटपुटले, "व्हय. डांबरावानी. लय दिस झालं. सुनेला कसं सांगायचं?"

गुडघ्यांसाठी ते मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज उपाशीपोटी घेत होते. पोटात जळजळ झाली की आम्ही म्हणायचो, तिखट कमी खा.

गुंगी देऊन दुर्बिणीतून तपासलं, तर जठरात अल्सर निघाला. त्यातून रक्त वाहत होतं, म्हणूनच संडासला काळं होत होतं. ते रक्त दुर्बिणीतूनच थांबवलं. अल्सर करणारे जंतू आहेत का हे बघायला जठराचा बारीक तुकडा तपासणीला पाठवलाय. त्या गोळ्या आता कायमच्या बंद.

गुंगी उतरल्यावर आबांनी विचारलं, "मग गुडघं दुखल्यावर काय करू?" डॉक्टर म्हणाले, त्यावर दुसरा उपाय करू. आबा निवांत झोपले. मी मात्र सारखी उठून त्यांचा श्वास बघतेय. पुन्हा रक्त गेलं तर?

तुमच्याकडची वडीलधारी माणसं असलं काही झालं, तर घरात कुणाला सांगतात हो?