मला जज करणारा वकील

अंबडच्या कोर्टासमोर एक वकील बसतो. अंगात काळा कोट, पायात रबरी चप्पल. आमची मालकीण, म्हंजे माझी बायको, गेली. तिला ऊन सोसायचं न्हाई, म्हणून मी तिची समाधी बांधावरच्या लिंबाखाली बांधली. ती पाडायला चुलतभाऊ दावा लावणार, वकील शोधून राह्यला, असं कळलं. मंग मीबी जल्दी इथं आलो.

ह्या वकिलाची रीत उलटी. येईल त्याला तो आधी जज करतो, म्हंजे जजच्या जागी बसवून समोरच्याची बाजू ऐकवतो. माझी हकीकत ऐकून मला त्यानं चहावाल्याच्या स्टुलावर बसवलं, स्वतःच्या कोटाची बटनं लावली आणि चुलतभावाच्या बाजूनं बोलायला लागला.

"साहेब, बाई वारली, वाईट झालं. पण मेलेल्यानं जित्याची वाट अडवावी का? माझ्या पक्षकाराची बैलगाडी जाईल कुठून?"

मला बिलकुल पटलं. तोंडातून निघून गेलं, "पाडा."

"काका, तुमची बाजू अजून मांडायची राह्यली ना," तो म्हणाला.

"राहू द्या. कागद काढा."

माझ्या बाजूनं तो कसा बोलतो, ते मी ऐकलंच न्हाई. वकीलपत्रावर सही करून टाकली. जिंको का हरो, हा माणूस चुलतभावाला सापडायला नको.