अठ्ठ्याऐंशी वजा अडुसष्ट

मुलीसाठी जुना उभा पियानो घेतला, त्याला दोन वर्षांत चारकोपची दमट हवा लागली. पट्टीवरून बोट उचललं तरी सूर थांबेना. एकात दुसरा मिसळून नुसता कल्ला व्हायचा. मढला राहणारे एक वयस्कर दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी झाकण काढून दाखवलं: तारेवर टेकून तिचा आवाज बंद करणारी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची छोटी गादी, म्हणजे डॅम्पर. नमदा कडक झाला होता, स्प्रिंगा ढिल्या पडल्या होत्या. आतली सगळी लाकडी यंत्रणा चादरीत गुंडाळून ते रिक्षाने घरी घेऊन गेले.

नवव्या दिवशी त्यांनी ती परत बसवली. मुलीने वाजवून बघितलं. बोट उचललं की सूर जागच्या जागी थांबत होता.

मी मात्र मोजत होतो. पट्ट्या अठ्ठ्याऐंशी, डॅम्पर अडुसष्ट.

"काका, वीस कमी आहेत."

"कमी नाहीत साहेब. वरच्या तारा आखूड, त्यांचा आवाज आपोआप मरतो. तिथे डॅम्पर नसतोच."

"कंपनीने वीस तशाच सोडल्या?"

"सगळ्याच कंपन्या सोडतात."

मुलगी म्हणाली, "बाबा, वरचे सूर आधीपण असेच वाजायचे."

"तू गप्प बस गं."

"अरे, जाऊ दे ना," बायको म्हणाली.

"जाऊ दे काय? आकडा जुळायला नको?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "पिशवी दाखवू का?"

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "दाखवा."

त्यांनी पिशवी जमिनीवर उपडी केली. दोन पक्कडी, तारेचा एक हूक, नमद्याचे कातरलेले तुकडे, चष्म्याचं घर, डबा. डब्याचं झाकणही त्यांनी स्वतःच उघडून दाखवलं. मग एकेक वस्तू परत भरली आणि गेले. नेण्याआधी मी डॅम्पर मोजलेच नव्हते, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात मुलीच्या क्लासमध्ये बाईंच्या पियानोचं झाकण उघडं होतं. मी मोजले. वरच्या एकोणीस पट्ट्यांना डॅम्पर नव्हते.

त्या रविवारी मार्वे रोडने स्कूटरवर मढला गेलो. काकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. माझं चुकलं, असं मी सरळ सांगितलं.

"मी तेव्हा सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग आता कोणी सांगितलं?"

"बाईंच्या पियानोत बघितलं."

"म्हणजे पियानोवर विश्वास बसला," ते म्हणाले आणि हसले. त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वेळी तुम्हीच या, असं मी दोनदा म्हणालो. त्यांनी मान हलवली, नाही अशी. दहिसरच्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहून दिला. माणूस हाताचा चांगला आहे, म्हणाले.

मी स्कूटर सुरू केली तेव्हा ते फाटकापर्यंत आले.

"एक करा साहेब. त्याला काम द्याल तेव्हा आधी त्याच्यासमोर मोजून घ्या. पोरंबाळं असलेला माणूस आहे तो."