पांढऱ्या फिंचचं रक्त

बाबा रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा आमचं हिंदी मुलखातलं राज्य नुकतंच वेगळं झालं होतं आणि मी राजधानीतल्या एका सरकारी कचेरीत नुकतीच लागले होते. त्याच शहरातल्या गुढ़ियारी भागात आमचं घर, त्यामागच्या अंगणात बाबांनी जाळीचा पिंजरा उभारला. माणूस आत उभा राहू शकेल एवढा मोठा. त्यात त्यांनी झेब्रा फिंचची एक जोडी सोडली. चिमणीहून लहान, लाल चोचीचे पक्षी. आमचे दोन्ही पांढरेशुभ्र होते. टांगलेल्या मडक्यांत त्यांची पिल्लं झाली, मग त्या भावाबहिणींच्याच जोड्या जमल्या, त्यांचीही पिल्लं पांढरी. बाबांना त्याचा अभिमान होता. बाहेरचा पक्षी ते आत येऊच देत नसत.

पक्ष्यांचं दाणापाणी माझा मोठा भाऊ बघायचा. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या एका छापखान्यात तो कामाला होता. कोणाचा पंख उतरलाय, कोण खात नाहीये, हे घरात सगळ्यांत आधी त्याच्या नजरेस पडायचं. एका सकाळी त्यानंच बाबांना हाताला धरून मागं नेलं. बरीच अंडी फुटलीच नव्हती. एका मडक्यात दोन पिल्लं मरून पडली होती. तिसरं जिवंत होतं, पण त्याचे पाय वाकडे होते आणि डोळ्यांवर साय आल्यासारखी दिसत होती.

बाबा आणि मी ते पिल्लू जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ते तळहातावर घेऊन नीट पाहिलं.

"अंकल, ये सब एक ही जोड़े के हैं क्या?"

"हव, सब घर के ही हैं," बाबा कौतुकानं म्हणाले.

बाईंनी शांतपणे समजावलं. रक्तात काही दोष लपलेले असतात. एकाच बाजूनं आले तर बहुधा दिसत नाहीत. आई आणि बाप जवळच्या नात्यातले असले, की तोच दोष दोन्हीकडून येऊन पिल्लात उघडा पडू शकतो. परके पक्षी आणा, भावाबहिणींना वेगळं ठेवा. बाबांनी मान हलवली. 

घरी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. बाबांनी तिला बाईंचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा हात सुपातच थांबला.

आई म्हणजे बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. तिची सासू ही तिची आत्याच. भावाला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्या आत्यानंच ठरवून टाकलं होतं, की पोटुशी असताना सुनेनं ग्रहणात कोहळं चिरलं, म्हणून असं झालं. आमचं मूळ वर्धेकडचं; तिथल्या सगळ्या नातलगांत ते पसरलं. आईनंही ते खरं मानलं होतं.

"म्हंजे... माह्या हातानं नाही झालं ते?" तिनं विचारलं.

बाबा तिच्याशेजारी ओट्यावर टेकले. "पक्कं कोणी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "पण तुह्या हातानं नाही. असंल तर आपल्या दोघाईच्या रक्तानं. माह्याबी."

आई रडली नाही. सूप बाजूला सारून नुसती बसून राहिली. भाऊ दारात उभा होता. काय झालं, त्यानं मला खुणेनं विचारलं. मी हातांनी, ओठांनी जमेल तसं सांगितलं. त्यानं पिंजऱ्यातल्या एका पांढऱ्या पक्ष्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि मोठ्यानं हसला. तेव्हा मात्र आईला रडू आलं. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि तिची पाठ थोपटत राहिला.

वाकड्या पायांचं पिल्लू जगलं नाही. बाबांनी बीरगांवच्या एका पक्षीवाल्याकडून करड्या रंगाचे, वेगळ्या घरचे पक्षी आणले. पिंजऱ्याचे जाळीनं भाग पाडले. एका घरच्या पिल्लांच्या पायात निळं कडं, दुसऱ्या घरच्या पायात पिवळं. निळ्याची जोडी निळ्याशी कधीच लावायची नाही. पांढऱ्यांच्या जोड्या करड्यांशी लावल्या, तर पहिल्या खेपेला एकही पिल्लू पांढरं निघालं नाही. सगळी करडी, पण धडधाकट. बाबा त्यांच्याकडे पाहत उभे राहायचे. त्यांना वाईट वाटत होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

पुढं वर्धेला आईच्या भाचीचं, तिच्या बहिणीच्या मुलीचं, लग्न त्या मुलीच्याच आतेभावाशी ठरत होतं. आई एकटीच गाडीनं गेली. भरल्या बैठकीत तिनं आपली गोष्ट सांगितली. कोणी म्हणालं, पाखराईचं माणसाले कायले लावता? एक दोघं चिडले. भाची मात्र तिच्या जवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात बरंच काही विचारत राहिली.

ते लग्न झालंच. आई अक्षता टाकून परत आली.

"काहून गेली होतीस मग?" बाबांनी विचारलं.

"मले कोणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली आणि पाय धुवायला न्हाणीत गेली.