सोन्याच्या कंपनीला पाणी दाखवणारे मामा

गेल्या माघातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेनवाच्या सुमारास, शेळगावच्या पलीकडच्या आमच्या वाडीतल्या एकोणचाळीस घरांची पिण्याची विहीर एका परदेशी कंपनीने पळवायला घेतली, आणि ती कुठून पळवायची हे कंपनीला ज्यांनी दाखवलं ते माझे सख्खे मामा. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात त्यांच्याइतका पाण्याचा जाणकार नाही आणि त्यांच्याइतका भाबडा माणूसही नाही. एरवी मी पत्रकं लिहिते. पत्रकात दोषी माणसाला ‘संबंधित’ म्हणायची पद्धत आहे. पण ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली त्यांना संबंधित कसं म्हणू? म्हणून हे असं लांबलचक लिहिते आहे.

मामा पाणाडे. बोअर कुठे मारायची ते सांगणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून अनवाणी चालतात, आणि जिथे नारळ आपोआप उभा राहील तिथे खाली झरा. मी विज्ञानाची पदवीधर, माझा यावर काडीचा विश्वास नाही, आणि मामांची जागा कोरडी गेलेली मी आजवर पाहिलेली नाही. या दोन्ही गोष्टी घेऊन मला जगावं लागतं. नारळ त्यांच्या पिशवीत कायम असतो, लग्नात, दवाखान्यात, मतदानाच्या रांगेत. तिथल्या पोलिसाने एकदा पिशवी उघडायला लावली आणि हे काय म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, “हत्यार हाय. आमच्या धंद्याचं.” ते समजावून सांगण्यात आमची दुपार गेली.

पाणी ते दारूसारखं चाखतात. घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे आणि कुठल्या विहिरीचं ते सांगायचं. गाव सांगतात, कधी कधी विहिरीची दिशाही सांगतात. नरसिंहपूरला संगमावर गेलो होतो तेव्हा लोक ओंजळीने तीर्थ घेत होते आणि मामा त्यांना सांगत होते, “ह्या घोटात नीरा जास्ती हाय. चार पावलं पुढं जावा, सारखी मिळंल.” माझ्या थोरल्या बहिणीसाठी बारामतीजवळ स्थळ बघायला गेलो, तर मुलगा पगार सांगत असताना मामा उठून परसात गेले, नारळ फिरवून आले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, “पोरगं गुणाचं हाय. पर बोअर पुढच्या उन्हाळ्याला दम सोडणार. पोरगी द्यायची न्हाय.” तरीही लग्न झालं. पुढच्या उन्हाळ्यात बोअर आटली. मामा न बोलावता गेले, नवी जागा दाखवून आले, आणि भावजी अजून त्यांच्यासमोर प्यायला पाणी मागताना लाजतात.

तर अशा माणसाच्या वाडीत सोन्याची कंपनी आली. आमच्या काळ्या कातळात सोनं सापडत नाही, हे भूगोलाचे मास्तर सांगून सांगून दमले. पण कंपनीकडे परवानगीचा कागद होता, पांढऱ्या जीपा होत्या, आणि आमच्याकडे कान होते. सोनं निघो न निघो, खोदकाम चालू असल्याचे फोटो त्यांच्या देशातल्या पैसेवाल्यांना दाखवले की कंपनीचं भागतं, असं माझं मत आहे आणि ते मी तीन पत्रकांत छापलं आहे. त्या पत्रकांत वाडीने भेळ खाल्ली. कुणी उसाची लागण थांबवली. आमच्या शेजाऱ्याने बांधावरची उंदरांची बिळं बुजवली, उंदरांनी सोनं ओढून नेऊ नये म्हणून. ग्रामपंचायतीने मामांच्या हातून गोऱ्या साहेबाला फेटा बांधला आणि साहेबाने परतफेड म्हणून मामांना पिवळं हेल्मेट दिलं.

ते हेल्मेट मामांनी टोपीवर चढवलं ते उतरवायलाच तयार होईनात. दूध घालायला हेल्मेट, देवळात हेल्मेट. एका दहाव्याला घालून निघाले तेव्हा मामी दारातून म्हणाल्या, “का वो, आता मयत काय दगडं मारणार हाय व्हय?” मामा म्हणाले, “सायबानं सेफ्टी सांगितलीया.”

जमिनीत खोल भोकं पाडून दगडाचे नमुने काढणाऱ्या त्यांच्या यंत्राला रात्रंदिवस पाणी लागतं. कंपनीच्या शिकलेल्या माणसांनी संगणकात बघून तीन बोअर मारल्या आणि तिन्ही धुरळा ओकल्या. मग त्या मंगळवारी साहेब पुण्याच्या दुभाष्याला घेऊन मामांच्या ओट्यावर आला. मी तिथेच होते. म्हटलं, “मामा, तब्येत बरी नाही म्हणून सांगा.” मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही मी त्यांना देवाचा टाक विकायला सांगितला. पाणाड्यांचा नियम आहे: पाणी विचारत दारात आलेल्याला, मग तो कुणीही असो, माघारी पाठवायचं नाही, आणि नारळ उभा राहिला की जागा लपवायची नाही. मामांच्या गुरूने हातात भंडारा देऊन तशी शपथ घातलेली. नियम झाला तेव्हा पाणी विचारायला माणसं येत होती, कंपन्या येत नव्हत्या, हे गुरूच्या ध्यानात कुठून येणार?

मामा माळावर चालले. मागे साहेब, दुभाषा आणि निम्मी वाडी. विहिरीच्या वरच्या अंगाला, ऐंशी पावलांवर, नारळ उभा राहिला. मामा क्षणभर थबकले, खाली विहिरीकडे पाहिलं, आणि मग लिंबाची डहाळी रोवून कुंकू वाहिलं. साहेबाने टाळ्या वाजवल्या. वाडीनेही वाजवल्या. कंपनीने तिथेच बोअर मारली, पाणी उसळलं, आणि अठराव्या दिवशी शेजारच्या पारूआत्याची घागर विहिरीच्या तळावर खणकन आपटली.

मग टँकर सुरू झाला. कंपनीने लेखी कळवलं की विहीर कमी पावसाने आटली आणि त्यांच्या बोअरला पाणी लागलंच नव्हतं. आता अख्खा माळ खणायला तिला ग्रामसभेची ना-हरकत हवी आहे. डहाळी रोवताना टाळ्या वाजवणारे सगळे म्हणतात, आम्ही लांब होतो. कुठल्या झऱ्यावर बोट ठेवलं आणि पाणी किती उसळलं, हे सांगू शकणारा एकच माणूस उरला. तो हेल्मेट घालून ओट्यावर बसला होता.

“झरा येगळा हाय,” मामा म्हणायचे.

“ऐंशी पावलांवर वेगळा?”

“तुला काय कळतंय त्यातलं? नारळ कुनी धरला हुता, तू का मी?”

मी नको ते बोलले. तुमचं नाव जाईल म्हणून वाडी तहानलेली ठेवताय, असं म्हणाले. चाळीस वर्षं लोकांना पाणी देणाऱ्या माणसाने आपल्याच वाडीची विहीर आटवली, हे स्वतःच्या तोंडाने भरसभेत सांगणं काय असतं, ते मला पत्रक लिहून कळणार नव्हतं. महिनाभर आम्ही बोललो नाही.

शेवटी पारूआत्याने काम केलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर मामांनी झेलल्या असत्या. ती टँकरवरून घागर घेऊन आली, तांब्या भरून मामांपुढे ठेवला आणि म्हणाली, “आबा, तुमी समद्या पाण्याचं गाव सांगता. ह्याचं सांगा की.”

मामांनी घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ घोळवला. पुन्हा घेतला. मामी चुलीवरचं सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

“ह्येला गाव न्हाय,” मामा म्हणाले.

“मग आमी प्यायचं का न्हाय?” पारूआत्याने विचारलं, घागर उचलली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला बोलावलं. हेल्मेट पायरीवर उलटं ठेवून त्यात पाणी ओतलेलं होतं आणि दोन चिमण्या काठावर बसून पीत होत्या. मामांच्या डोक्यावर नुसती टोपी, कपाळाचा वरचा भाग उन्हाशिवाय पांढरा पडलेला. “लिव,” ते म्हणाले. “पानी मी दावलं. झरा आपल्या हिरीचाच हुता. नारळ उभा ऱ्हायला तवाच मला कळलं हुतं. पन टाळ्या वाजत हुत्या, पोरी.” मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि सही केली. मग म्हणाले, “नारळाचं नाव घालू नगं त्यात. त्यानं खरंच सांगितलं हुतं.”

त्यानंतर मामांना जागा दाखवायला कुणी बोलावलं नाही. संध्याकाळी ते कोरड्या विहिरीला एक फेरी घालतात, तळहातावर नारळ घेऊन. नारळ आडवाच राहतो. मी लांबून बघते आणि माझा विश्वास नसलेल्या त्या नारळाने एकदा तरी उभं राहावं, असं मला वाटत राहतं.

येत्या ग्रामसभेत मामा सगळ्यांसमोर उभे राहून हे बोलणार आहेत. त्या दिवशी तुम्ही, माझ्या वाडीच्या लोकांनो, ज्यांनी माळावर टाळ्या वाजवल्या, कामं सोडून या. मामांच्या शेजारी उभे राहा, आम्हीही तिथेच होतो म्हणून सांगा, आणि ना-हरकतीच्या विरोधात हात वर करा. त्यांना तिथे एकटं बोलायला लावू नका.