जबडा सरळ झाल्यावर

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. खुर्चीत पेशंट आ करून बसलेला असतो, तेव्हा बोलायचं काम आमचं. पण एकदा का तोंडातून हात काढला की मग तो बोलतो! आणि ज्यांचं तोंड नीट मिटत नाही, ते तर वर्षानुवर्षं तोंड मिटून बसलेले असतात. कुठेतरी बोलायचंच असतं त्यांना.

मी ऑर्थोडॉन्टिस्ट. जबड्याच्या सर्जरीआधी आणि नंतर दात तारांनी ओळीत आणायचं काम माझं. जबडा कापून जागेवर बसवायचं काम आमच्या सरांचं. मंडईपासून चालत अंतरावर क्लिनिक आहे. सर अस्सल पुणेरी. हात हलका, जीभ तिखट.

*

मंडईतले एक पेरूवाले काका आले होते. समोरचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतच नव्हते, त्यामुळे कशाचा लचका म्हणून तोडता यायचा नाही. पोळीसुद्धा कुस्करून खायचे.

सरांनी तपासलं आणि विचारलं, "पन्नास वर्षं काय करत होतात?"

"पेरू विकत होतो."

सर फाइल लिहायला लागले.

काका म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणायचं, गोड आहे ना, खाऊन दाखवा. मी म्हणायचो, आज उपास आहे. अख्ख्या मंडईला वाटतं, मी फार देवभक्त आहे!"

ऑपरेशन झालं, पातळ खाण्याचे दिवस संपले, सगळं चावायची परवानगी मिळाली. त्याच दिवशी काका अर्धा खाल्लेला पेरू घेऊन क्लिनिकमध्ये हजर. "मॅडम, बघा, ठसे उमटलेत. समोरच्या दातांचे!"

आम्ही सगळ्यांनी तो पेरू हातात घेऊन पाहिला. काकांनी तो परत घेऊन पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "शाळेत आम्ही दोस्त मिळून एक पेरू घ्यायचो. आळीपाळीनं चावायचा. माझी पाळी आली की मी म्हणायचो, मला आवडत नाही. सगळ्यांना ते खरं वाटलं हो!"

*

रोहिणी कॉलेजात शिकवते. जबडा एका बाजूला सरकलेला. तिच्या हिरड्या इतक्या सुजलेल्या, की ब्रश टेकवला तरी रक्त. सरांनी सांगितलं, "आधी हिरड्या बऱ्या करा. अशा तोंडात मी सुरी घालत नाही."

मी तिला म्हटलं, "आरशात बघून ब्रश करत जा."

"आमच्या बेसिनवर आरसा नाही."

"मग लावून घ्या."

"होता. मीच काढला."

"मग केस कसे विंचरता?"

"अंदाजाने."

मी तिला आमचा तो दांडीवाला, नाण्याएवढा आरसा दिला. म्हटलं, यात चेहरा दिसत नाही, एका वेळी एखादाच दात दिसतो. तेवढ्यावर तिने हिरड्या बऱ्या करून आणल्या. ऑपरेशनही झकास झालं.

पुढे एकदा विचारलं, "आता बेसिनवर आरसा लावलात का?"

"लावलाय ना. मोठा." आणि मग हळूच म्हणाली, "केस अजून अंदाजानेच विंचरते."

*

निखिल अमरावतीचा, हिंजवडीत नोकरी. खालचा जबडा आत गेलेला. ऑफिसच्या सगळ्या मीटिंगना कॅमेरा बंद. कारण ठरलेलं: "नेटवर्क वीक आहे."

सर्जरीनंतर त्याने पहिल्यांदा कॅमेरा ऑन केला, तर मॅनेजर म्हणाला, "आपल्या कॉलवर हा बाहेरचा माणूस कोण घुसलाय?"

हे सांगताना निखिल खूप हसला. मग म्हणाला, "मॅडम, टीममध्ये एक मुलगी होती ना. रोज बोलायचो आम्ही. ती म्हणायची, एकदा तरी कॅमेरा ऑन कर. मी म्हणायचो, नेटवर्क वीक आहे."

"मग?"

"मग काय! तिने चांगल्या नेटवर्कवाला शोधला."

*

एक बाई ऑपरेशननंतर वर्षभराने दाखवायला आल्या. दात सुरेख बसलेले, चेहरा छान भरलेला. पण हसू आलं की हात तोंडावर!

सर म्हणाले, "अहो, हात खाली घ्या. आमची मेहनत लोकांना दिसू द्या जरा!"

"सवय आहे हो सर. जाईल हळूहळू."

सोबत त्यांची चार वर्षांची मुलगी होती. मोत्यासारखे दात. सरांनी तिला काहीतरी गंमत सांगितली. ती खुदकन हसली आणि तिने पटकन हात तोंडावर नेला.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मुलीचा हात धरला, खाली घेतला आणि तसाच धरून ठेवला. सर रिपोर्ट बंद करत म्हणाले, "हे ऑपरेशन मला येत नाही."

*

हिंजवडीच्या पलीकडच्या गावातून एक वडील मुलीला घेऊन आले होते. मुलगी इंजिनिअर. खालचा जबडा पुढे आलेला. दोन-तीन स्थळांनी त्यावरूनच नकार दिलेला. वडील म्हणाले, "माझ्या आईवर गेलीया ही. म्हातारीची हनवटी अश्शीच व्हती. तिला तर समदा गाव भ्यायचा! पर आता जमाना येगळा हाय. करून टाका."

केलं. सूज उतरली आणि मुलगी ओळखू येईना, इतकी देखणी दिसायला लागली. शेवटच्या तपासणीला ती आनंदात होती. वडील मात्र तिच्याकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे.

"काका, आवडलं ना?" मी विचारलं.

"झ्याक झालंय. नाव ठिवायला जागा न्हाई."

मुलगी लिफ्टपाशी गेली, तरी ते दारातच रेंगाळले. टेबलावर तिच्या जबड्याचा ऑपरेशनआधी घेतलेला प्लास्टरचा साचा होता. त्याच्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, ह्ये आता टाकून देनार?"

"हो, आता त्याचा काही उपयोग नाही."

"मग मला द्या की. म्हातारीचा जबडा हाय त्यो."

मी दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, खालच्या दातांच्या पुढे आलेल्या ओळीवरून अंगठा फिरवला, आणि खिशातला रुमाल काढून त्यात नीट बांधला.

तिकडून मुलीने हाक मारली, "पप्पा, चला ना! काय घेतलंय ते?"

"काय न्हाय गं," ते म्हणाले. "तू व्हय फुडं. आमी दोघं येतो."