आईच्या वाटणीच्या नानकटाया

लग्नानंतर कितीतरी वर्षं मी श्रीपूरला साखर कारखान्याच्या ऑफिसात होतो आणि बायको-मुलं सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत. ती शाळेत शिकवायची. ईस्टर यायचा तो हंगाम संपत आल्याच्या दिवसांत, आमची आवराआवरीची घाई चाललेली असताना. शनिवारी दुपारनंतरची एसटी पकडून मी घरी पोचायचो तोवर सगळं झालेलं असायचं. टेबलावर कांद्याच्या सालीत रंगवलेली तांबूस अंडी, स्टीलच्या डब्यात भट्टीवरून भाजून आणलेल्या नानकटाया, आणि मुलांच्या कोपरापर्यंत पीठ. ती म्हणायची, "आयत्या वेळी आलात. आता खायचं काम तेवढं राहिलंय." मी हातपाय धुऊन तेच काम करायचो.

एका वर्षी दिवाळीनंतर ती आजारी पडली आणि नाताळच्या तोंडावर गेली. मी कारखाना सोडला आणि नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली, म्हणजे मुलांजवळ राहता येईल. मुलगी तेव्हा चौथीत होती, मुलगा बालवाडीत. डबे, वेण्या, शाळेची रिक्षा हे हळूहळू जमायला लागलं होतं. ईस्टर जवळ आला तसं मी मनाशी ठरवलं, यंदा बेकरीतून काहीतरी आणू आणि भागवू.

मुलीला ते मान्य नव्हतं. गुड फ्रायडेच्या उपासनेवरून घरी येताना तिनं मला सांगितलं, "उद्या सुट्टी घ्या पप्पा. मला सगळं येतं, फक्त परात उचलत नाही."

खरंच तिला सगळं येत होतं. भाजीवालीकडून पिशवीभर कांद्याच्या साली तीच मागून घेऊन आली. उकडलेल्या अंड्यांवर मेणबत्तीच्या तुकड्यानं आधी क्रूस काढायचा, मग अंडी साली उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवायची, म्हणजे मेण लागलं तिथं रंग धरत नाही, हे तिनं मला समजावलं. धाकट्याला क्रूस काढायला दिलं तर त्यानं अंड्यावर बस काढली. "ही कुठली बस?" मी विचारलं. "श्रीपूरची," तो म्हणाला. "तुम्ही आत बसलाय."

मग नानकटाई. उन्हाळ्यातलं सोलापूर म्हणजे डब्यातलं तूप पाण्यासारखं पातळ. मी तसंच पिठीसाखरेत ओतायला निघालो तर मुलीनं माझा हात धरला. आई तुपाचं पातेलं माठातल्या पाण्यात ठेवून आधी थिजवायची म्हणे. आम्ही ते थिजवलं. नंतर मी फेटायला बसलो. खांदा भरून आला तरी ती म्हणत होती, "अजून. आई पांढरं होईपर्यंत फेटायची." शेवटी तूप पांढरं, हलकं झालं. मैदा, थोडं बेसन, वेलदोड्याची पूड घालून तिनं पीठ मळलं आणि तिघांनी गोळे केले. प्रत्येक गोळ्यावर अंगठा दाबून चारोळी बसवायचं काम धाकट्याकडे होतं. भट्टीत घालायच्या पत्र्याच्या एका टोकाला त्यानं चार गोळे वेगळे ठेवले आणि त्यांवर दोन-दोन चारोळ्या लावल्या. कुणासाठी म्हणून मी विचारलं नाही. मला वाटलं, स्वतःसाठीच.

पत्रा डोक्यावर घेऊन मी, आणि दोन्ही बाजूंना मुलं, असे आम्ही गल्लीच्या टोकाच्या भट्टीवर गेलो. भट्टीवाले चाचा दाढी पिकलेले गृहस्थ होते. दर वर्षी बायको आणि मुलंच यायची, त्यामुळे मला ते ओळखत नव्हते. त्यांनी मुलांकडे पाहून विचारलं, "टीचर नै आये आज?"

मी काही बोलायच्या आत धाकटा म्हणाला, "आई उद्या येणार आहे. उद्या ईस्टर आहे ना, उद्या ती उठणार."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. ते समजले. लांब फळीवर पत्रा घेऊन त्यांनी तो आत सरकवला आणि धाकट्याला उचलून भट्टीचं तोंड दिसेल असं उभं केलं. "देख, कैसे फुलते," एवढंच ते म्हणाले. मुलगी माझ्या शर्टाला धरून हळूच म्हणाली, "मी त्याला सांगितलं होतं पप्पा. तो ऐकत नाही. संडे स्कूलमध्ये ऐकल्यापासून असंच म्हणतोय."

घरी येईपर्यंत मी काय बोलायचं ते शोधत होतो. उद्या सकाळपर्यंत हे तसंच ठेवावं, असंही एकदा मनात आलं. पण त्या चार नानकटाया त्यानं आईच्या डब्यात मांडायला घेतल्या, तेव्हा मी त्याला मांडीवर घेतलं.

"आई उद्या येणार नाही, बाळा."

"मग येशू कसा उठला?"

"तो उठला. आईसुद्धा एक दिवस उठेल, असं आपण मानतो. पण उद्या नाही."

"मग कधी?"

"मला माहीत नाही."

"चर्चमधल्या पाळकांना माहीत आहे?"

"त्यांनाही नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मोठ्या माणसांना कुणालाच माहीत नाही, याचा त्याला राग आला होता. मग तो रडला. आई गेली तेव्हा सगळे रडत होते म्हणून तो रडला होता, हे रडणं वेगळं होतं. मुलगी इतका वेळ धीरानं उभी होती, तीही जवळ येऊन बसली. मला वाटतं, आम्ही तिघं एकत्र रडलो ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पहाटेची उपासना आमच्याकडे दफनभूमीत असते. मेणबत्त्या घेऊन सगळी मंडळी जमतात आणि उजाडायच्या सुमाराला पाळक म्हणतात, "प्रभू उठला आहे." सगळ्यांनी म्हणायचं, "खरोखर उठला आहे." मुलीनं आमच्या तिघांच्या वाटचं म्हटलं, चांगलं मोठ्यानं.

उपासना झाल्यावर आम्ही बायकोच्या कबरीपाशी गेलो. नवी माती अजून पुरती बसली नव्हती. धाकट्यानं डबा बरोबर आणला होता. तो बराच वेळ उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं, आणि मग कबरीच्या कडेला बसून त्यानं डबा उघडला. एक नानकटाई बहिणीला दिली, एक मला दिली. "आई येणार नाही ना," तो म्हणाला, "मग आपण खाऊ." दोन त्यानं स्वतः खाल्ल्या. तळाकडून जरा करपल्या होत्या, पण तोंडात टाकताच विरघळत होत्या. आम्ही उन्हं वर येईपर्यंत तिथं बसलो होतो. त्यानं मग बहिणीशी भांडण काढलं, बसचं अंडं कुणी फोडायचं यावरून, आणि मला फार बरं वाटलं.

आता मुलगा पुण्याला असतो. मुलगी सोलापुरातच आहे, तिच्याकडे ओव्हन आहे, आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी तिची दोन्ही मुलं ओट्याभोवती नाचत असतात. मला तूप फेटायला बसवतात. यंदा मुलगाही आला होता. बोलता बोलता मी त्याला त्या शनिवारचं सांगितलं. त्याला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. भट्टीची धग तेवढी तोंडावर आठवते, म्हणाला, आणि कुणीतरी उचलून धरलं होतं ते. मुलगी चाळणीतून मैदा चाळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला सगळं आठवतं." मग तिनं माझ्या धाकट्या नातवाला चारोळीची वाटी दिली आणि भावाला म्हणाली, "बघतोयस काय, गोळे कर."